रंगीत तालमीची परीक्षा

शस्त्रक्रियागृहाबाहेर बाकावर ताटकळत बसलेल्या आप्तस्वकीयांच्या मनात जे नाना प्रश्न घोळत असतात, त्यांपैकी एक सहसा कोणाच्या ओठांवर येत नाही. आत आपल्या माणसाच्या देहावर जो हात शस्त्र चालवीत आहे, त्या हाताने हे काम यापूर्वी कितीदा केले आहे? असे विचारणे अप्रशस्त वाटते. डॉक्टरांचा अवमान होईल अशी भीतीही वाटते. तथापि प्रश्न रास्त आहे. कितीही निष्णात शल्यविशारद घेतला, तरी त्याच्या आयुष्यात पहिला रोगी हा येऊन गेलेलाच असतो, आणि तो पहिला रोगी कोणाचा तरी पिता, कोणाची तरी कन्या असते. नवशिक्या हातांना शिकूच दिले नाही तर पुढच्या पिढीला शल्यविशारद मिळणार नाहीत. ते रोग्याच्या जिवावर शिकले तर त्या रोग्यावर अन्याय होतो. हा पेच शल्यविद्येइतकाच जुना आहे.

त्यातून सुटण्याची एक वाट आपल्याच देशात फार पूर्वी दाखविली गेली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा नववा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. सर्व शास्त्र मुखोद्गत असले तरी ज्याने हाताने सराव केलेला नाही तो प्रत्यक्ष कर्माला अपात्र होय, असा या अध्यायाचा अभिप्राय आहे. सराव कशावर करावा याची जी यादी तेथे दिली आहे, ती वाचताना एखाद्या मंडईतून फेरफटका मारल्यासारखे वाटते. छेद घेण्यासाठी कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी. भेदनासाठी पाण्याने व चिखलाने भरलेली कातडी पिशवी. खरवडण्यासाठी केसांसकट कातडे. शीर वेधण्यासाठी मृत पशूंच्या शिरा आणि कमळाचा देठ. सळई घालून शोध घेण्यासाठी किड्यांनी पोखरलेले लाकूड, वेळू आणि वाळल्या भोपळ्याचे तोंड. आत रुतलेली वस्तू ओढून काढण्यासाठी फणसाचा व बेलफळाचा गर आणि मेलेल्या जनावरांचे दात. टाके घालण्यासाठी जाड वस्त्राचा काठ व मऊ चामडे. आणि पट्ट्या बांधण्यासाठी मनुष्याकृती बाहुला.

या यादीतले मर्म सहज नजरेआड होण्यासारखे आहे. कमळाचा देठ माणसाच्या दंडासारखा मुळीच दिसत नाही. परंतु तो मऊ आहे, आतून पोकळ आहे, आणि सुई जरा जोराने गेली की पलीकडच्या बाजूने बाहेर पडते. शीर वेधताना नेमकी हीच चूक टाळायची असते. रूपाचे साम्य सोडून द्यावे आणि ज्या एका गुणावर हाताचे यश अवलंबून आहे तेवढ्या गुणाचे साम्य धरावे, असे हे धोरण आहे. २००४ साली टोरांटो येथील अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात आठवतो. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नलिका जोडण्याचे शिक्षण त्यांनी शल्यविद्येच्या ५० कनिष्ठ उमेदवारांना तीन प्रकारे दिले : काहींना जिवंत उंदरांच्या शुक्रवाहिनीवर, काहींना सिलिकोनच्या साध्या नळीवर, आणि उरलेल्यांना केवळ व्याख्यानाने. पुढे सर्वांची परीक्षा उंदरावर घेतली, तेव्हा हाताने सराव केलेले दोन्ही गट व्याख्यान ऐकणाऱ्यांहून सरस ठरले. नळीवाले मात्र उंदीरवाल्यांच्या मागे पडले नाहीत.

अशा सरावाला इंग्रजीत ‘सिम्युलेशन’ म्हणतात. अनुकरण, प्रतिरूपण असे प्रतिशब्द त्यासाठी सुचविले जातात. प्रस्तुत लेखकाला मात्र आपल्या नाटकमंडळींची ‘रंगीत तालीम’ अधिक जवळची वाटते. रंगीत तालमीत पोशाख, पडदे, संगीत सारे असते, प्रेक्षक तेवढे नसतात. येथे रोगी तेवढा नसतो. मात्र तालमीत उत्तम वठलेली भूमिका प्रयोगातही तशीच वठेल, याची हमी कोणी द्यावी? भोपळ्यावर सुरेख छेद घेणारा शिष्य पोटावरही तसाच छेद घेईल कशावरून? प्राचीन ग्रंथाने सराव सांगितला. सरावातील यशावरून प्रत्यक्षातील यशाचे अनुमान कितपत काढावे, हा प्रश्न मात्र अलीकडच्या काळाने ऐरणीवर आणला आहे.

दीर्घकाळ हा प्रश्न कोणाला फारसा भेडसावला नाही, कारण शल्यविद्या गुरूच्या हाताखाली शिकली जात असे आणि शिष्य तयार झाला की नाही हे गुरूची नजर ठरवीत असे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निवासी उमेदवारीची शिस्तबद्ध पद्धती घालून दिली आणि १९०४ साली येल विद्यापीठातील व्याख्यानात तिचा पुरस्कार केला. जबाबदारी पायरीपायरीने वाढत जावी हे तिचे तत्त्व होते व ते आजही मोलाचे आहे. परंतु गुरूची नजर ही सर्वांची सारखी नसते. एकाच शिष्याच्या हाताविषयी एक गुरू ‘चांगला’ म्हणतो, दुसरा ‘उतावळा’ म्हणतो. आणि शिष्याचा स्वभाव गोड असला तर त्याच्या टाक्यांनाही थोडी गोडी येते. आपल्याकडे सामान्य शल्यविद्येच्या पदव्युत्तर परीक्षेतही उमेदवार परीक्षकांसमोर रोगी तपासून दाखवितो, तोंडी प्रश्नांना उत्तरे देतो. शस्त्र हातात घेऊन शस्त्रक्रिया करून दाखविण्याचा प्रसंग त्याच्यावर सामान्यतः येत नाही.

या जुन्या व्यवस्थेला धक्का दिला तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने. जर्मनीतील बोब्लिंगेन येथे एरिक म्यूहे यांनी १९८५ साली, आणि फ्रान्समधील लियाँ येथे फिलिप मूरे यांनी १९८७ साली पोट न उघडता, लहान छिद्रांतून दुर्बीण व लांब हत्यारे आत घालून पित्ताशय काढला. आपल्या देशात ही शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. रोगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाऊ लागले, तेव्हा या पद्धतीची मागणी वाऱ्यासारखी पसरली. पण हातांचे सारे गणित पालटले होते. हत्यार पोटाच्या भिंतीतील छिद्रावर तोलले जात असल्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. खोली असलेले दृश्य पडद्यावर सपाट दिसते. बोटांना स्पर्श उरत नाही. वीस-वीस वर्षे शस्त्रक्रिया केलेले मातब्बर शल्यविशारद एका रात्रीत उमेदवार झाले, आणि त्यांतील कित्येकांनी दोन-तीन दिवसांचे वर्ग करून रोग्यांवर काम सुरू केले. पहिल्या वर्षांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या मानाने वाढले. पित्तनलिका कापली जाणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. खडे काढून आठवड्यात कामावर परतू पाहणारा मनुष्य मोठ्या दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेच्या चक्रात सापडतो, आणि त्याचे घर त्याच्याबरोबर सापडते.

तेव्हा खोके आले. एक बंद पेटी, तिच्या झाकणाला दोन भोके, आत एक कॅमेरा, समोर पडदा. मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात जेराल्ड फ्रीड व त्यांचे सहकारी यांनी अशा पेटीत करावयाच्या कामांची एक मालिका बसविली. तिच्यातूनच पुढे अमेरिकेतील दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या संस्थेने २००४ साली एक शिक्षणक्रम व परीक्षा सुरू केली. तीत हाताची पाच कामे आहेत : खुंट्यांवरील लहान वस्तू एका चिमट्यातून दुसऱ्यात घेऊन पलीकडे रोवणे, ताणलेल्या कापडावरील वर्तुळ कापणे, फास बसविणे, आणि टाका घालून गाठ एकदा बाहेरून, एकदा आतल्या आत मारणे. सोबत ज्ञान व निर्णय पारखणारी लेखी परीक्षाही आहे. २००९-१० या वर्षापासून शिक्षण पुरे करणाऱ्या अमेरिकन शल्यविशारदांना प्रमाणपत्र परीक्षेला बसण्यापूर्वी ही परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक करण्यात आले. एका खोक्याच्या हाती उपजीविकेचे दार उघडण्या-मिटण्याचा अधिकार आला!

कसोटीची कसोटी

वाण्याच्या तागडीतील वजनावर निरीक्षकाचा शिक्का आहे की नाही, हे पाहण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मग ज्या खोक्याने शल्यविशारद तोलायचे, त्या खोक्यावर शिक्का कोणी मारायचा? शिक्षणशास्त्रात याला सप्रमाणता पारखणे म्हणतात. येथे विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांत भेद करावा लागतो. एकच उमेदवार दोनदा तोलला असता वजन सारखे भरले, दोघा परीक्षकांनी सारखेच गुण दिले, तर मोजमाप विश्वसनीय आहे. पण जे मोजायचे तेच मोजले जात आहे काय, हे सप्रमाणतेने सांगायचे. घड्याळ नेमाने दहा मिनिटे पुढे असले तर ते विश्वसनीय आहे. गाडी मात्र त्याच्या भरवशावर पकडता येणार नाही, अथवा फार आधी जाऊन बसावे लागेल.

विश्वसनीयतेच्या बाबतीत टोरांटो येथेच चांगली मजल मारली गेली. रिचर्ड रेझनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली शल्यकौशल्याच्या एका परीक्षेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उमेदवाराने ठरावीक वेळात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जायचे, प्रत्येक ठिकाणी नेमून दिलेले काम करायचे, आणि परीक्षकाने दोन कागद भरायचे : एकावर कामातील पायऱ्यांची यादी, दुसऱ्यावर सात बाबतींत प्रत्येकी पाचपैकी गुण. पेशीजालाशी वागणूक हळुवार आहे काय? हालचाली वायफळ आहेत काय? हत्यारांची ओळख, मदतनिसाचा उपयोग, कामाचा ओघ कसा आहे? अनुभवातून असे आढळले की, पायऱ्यांच्या यादीपेक्षा हा गुणांचा कागदच कसबी हात अधिक चांगला ओळखतो. यादी पाहते ती केले की नाही. कागद विचारतो कसे केले. स्वयंपाकाच्या परीक्षेत मीठ घातले की नाही एवढेच पाहून भागत नाही, हे गृहिणींना निराळे सांगायला नको.

सप्रमाणतेचा प्रश्न मात्र अधिक चिवट आहे. पूर्वी त्याचे सोपे उत्तर असे. यंत्र खऱ्यासारखे दिसते काय, असे तज्ज्ञांना विचारावे. ते ‘होय’ म्हणाले की पहिला शिक्का. मग काही निष्णात व काही नवशिके त्यावर बसवावेत. निष्णातांना अधिक गुण पडले की दुसरा शिक्का. शेकडो निबंध याच पद्धतीने लिहिले गेले आणि यंत्रे विकली गेली. या दुसऱ्या शिक्क्याची दुर्बलता थोडा विचार केला की ध्यानात येते. ज्येष्ठ शल्यविशारदांच्या चष्म्याचा नंबरही नवशिक्यांहून अधिक भरेल; म्हणून चष्म्याच्या नंबरावरून कोणी शल्यकौशल्य मोजू नये. जी चाचणी एवढा ढोबळ भेदही दाखवीत नाही ती टाकून द्यावी हे खरे, पण जी दाखविते ती त्यामुळेच ग्राह्य ठरत नाही. कोपनहेगन येथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या संगणकी यंत्रावरील तेरा अभ्यास पारखण्यात आले, तेव्हा त्यांतील सातच अभ्यास नवशिक्याला व अनुभवीला वेगळे ओळखू शकले. उरलेल्या सहांवर किती विद्यार्थ्यांनी किती तास घालविले असतील याचा हिशोब न केलेलाच बरा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल मेसिक यांनी १९८९ साली या विचाराला जे वळण दिले ते आज बहुधा सर्वमान्य आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सप्रमाणता हा परीक्षेच्या अंगचा गुण नव्हे. परीक्षेतील गुणांवरून आपण जे अनुमान काढतो आणि त्या अनुमानाचा जो उपयोग करतो, त्याची ती सप्रमाणता. तापमापक काचेचा आहे व पारा बरोबर चढतो, एवढ्याने ‘हा ताप हिवतापाचा आहे’ हे अनुमान सिद्ध होत नाही. तद्वतच खुंट्यांवरील वस्तू झरझर हलविणाऱ्या उमेदवाराला ‘खुंट्यांच्या कामात तरबेज’ म्हणणे एक, ‘दुर्बिणीची हत्यारे वापरू लागण्यास योग्य’ म्हणणे दुसरे, आणि ‘एकट्याने पित्ताशय काढण्यास योग्य’ म्हणणे अगदी तिसरे. प्रत्येक पुढच्या विधानाला अधिक पुरावा लागतो. आणि उत्तीर्णतेची रेघ कोठे ओढायची? ती खाली ओढली तर कच्चा हात रोग्यापर्यंत पोहोचतो. वर ओढली तर चांगला हात वर्षभर बाहेर बसतो, आणि जेथे शल्यविशारदच दुर्मिळ आहेत अशा जिल्ह्यात त्याचाही भुर्दंड रोग्यालाच बसतो.

यंत्राकडून रोग्याकडे

खरा पुरावा अर्थात शस्त्रक्रियागृहात मिळायचा. येल विद्यापीठातील सोळा निवासी शल्यवैद्यांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. आठांना नेहमीचे शिक्षण दिले. आठांना त्याशिवाय संगणकी यंत्रावर सराव दिला, आणि तो ठरावीक तास नव्हे, तर अनुभवी शल्यविशारदांनी त्या यंत्रावर गाठलेली पातळी गाठेपर्यंत. मग सर्वांनी खऱ्या रोग्यांच्या पित्ताशयाचे विच्छेदन केले. कोण कोणत्या गटातला हे न सांगता चित्रफिती परीक्षकांना दाखविल्या. यंत्रावर तयार झालेल्यांचे काम २९ टक्के लवकर उरकले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याचा अथवा भलतीकडे डाग बसण्याचा संभव पाचपट अधिक निघाला. डेन्मार्कमध्ये २००९ साली स्त्रीरोगशास्त्राच्या २४ उमेदवारांवर असाच प्रयोग झाला. गर्भनलिका काढण्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेत सराव केलेल्यांना ३३ गुण, इतरांना २३. वेळ बारा मिनिटे, इतरांना चोवीस. सराव केलेल्यांचा हात वीस ते पन्नास शस्त्रक्रिया केलेल्याच्या तोडीचा भासला. म्हणजे तेवढ्या स्त्रियांच्या वाट्याला येणारे शिक्षण यंत्राने आपल्या अंगावर घेतले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथे लेख संपविता आला असता तर बरे झाले असते. परंतु २००३ साली अमेरिकेतील एका अभ्यासमंडळाने पित्तनलिकेच्या २५२ इजांचे विश्लेषण प्रसिद्ध केले आहे, ते या आनंदात मिठाचा खडा टाकते. त्यांच्या मते या चुकांपैकी ९७ टक्के चुकांच्या मुळाशी दृष्टिभ्रम होता : शल्यविशारदाला मुख्य नलिका ही पित्ताशयाचीच नलिका वाटली व त्याने ती सफाईने कापली. हस्तकौशल्यातील दोष आढळला तो केवळ तीन टक्क्यांत. हात कसलेला होता, डोळा फसला. ज्या संकटामुळे खोक्याची गरज भासली, त्या संकटाचे मूळ खोके मोजतच नाही असे म्हणायचे काय? अगदीच तसे नाही. हत्यार सांभाळण्यात ज्याचे सारे चित्त गुंतले आहे त्याच्यापाशी शंका घ्यायला उसंत नसते. हात सवयीचा झाला की बुद्धी मोकळी होते. पण ‘येथे थांबावे’, ‘वरिष्ठांना बोलवावे’, ‘आता पोट उघडावे’ हा निर्णय कापडी वर्तुळात शिकता येत नाही. पाच कामांत पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्यालाही तो वेगळा शिकवावा लागेल, आणि त्याची परीक्षाही वेगळी घ्यावी लागेल. हे स्पष्टपणे सांगणारे विक्रेते मात्र कमी.

परीक्षकाच्या गुणांचा रोग्याच्या भवितव्याशी कितपत संबंध असतो, याचे एक ठळक उदाहरण मिशिगन राज्यातले आहे. स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शल्यविशारदांनी आपल्या एकेका शस्त्रक्रियेचे चित्रण स्वखुशीने दिले. समव्यवसायी परीक्षकांनी नाव न कळता गुण दिले, आणि ते त्या त्या शल्यविशारदाच्या सर्व रोग्यांच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : गुणांत तळाच्या चौथाईतील शल्यविशारदांच्या रोग्यांत उपद्रवांचे प्रमाण १४.५ टक्के, वरच्या चौथाईत ५.२ टक्के. हे सारे शिकून तयार झालेले, स्वतंत्र व्यवसाय करणारे लोक होते. हे खोके नव्हते, खरी शस्त्रक्रिया होती. पण नजरेने दिलेल्या गुणांत रोग्याचे हित-अहित उमटते, हा साखळीतील एक मोठा दुवा त्यामुळे पक्का झाला.

ब्रिटनमधील मोतीबिंदूच्या नोंदींत आणखी एक दुवा सापडतो. पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या उमेदवारांच्या हातून भिंगाच्या पिशवीचा मागचा पापुद्रा फाटण्याचे प्रमाण २००९ साली ४.२ टक्के होते, ते २०१५ साली २.६ टक्क्यांवर आले. याच काळात तेथे सरावयंत्रांचा प्रसार झाला. श्रेय यंत्राचे असण्याचा पुष्कळ संभव आहे. पण त्या सहा वर्षांत देखरेखीत व शिक्षणात दुसरे काहीच बदलले नसेल असे मानणेही कठीण. चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाइतकी ही साक्ष बळकट नाही.

आपल्याकडे २०१९ पासून लागू झालेल्या एम. बी. बी. एस. अभ्यासक्रमाने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य-प्रयोगशाळा आवश्यक केली आहे. पुतळे, कृत्रिम हात, पेट्या यांची खरेदी होते. खरेदी दाखविणे सोपे आहे. त्याहून मनोवेधक उद्योग अल्प खर्चात चालतात. प्लॅस्टिकच्या डब्याला भोके पाडून, मोबाइलचा कॅमेरा बसवून वसतिगृहाच्या खोलीत गाठी मारणारे निवासी डॉक्टर पुष्कळ आहेत. नेत्रविभागांत खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांवर हात बसवितात. त्यात एक ग्यानबाची मेख आहे. टाके घालायला हा डोळा उत्तम, परंतु भिंगाचा पुढचा पापुद्रा वृद्ध माणसाच्या पापुद्र्याहून अधिक लवचिक असल्यामुळे तो गोलाकार सोलण्याचा सराव त्यावर तितकासा खरा होत नाही. त्या एका कामासाठी कोणी टोमॅटोची साल घेतात, कोणी गोळ्या-चॉकलेटचा पातळ कागद. ही सुश्रुताचीच रीत झाली : एका गुणाला एक वस्तू.

टोमॅटोवरचा हात रोग्याच्या डोळ्यात उतरतो काय, हे पाहणेही आपल्या शिक्षणविभागांना अशक्य नाही. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाला पुष्कळ ठिकाणी कॅमेरा जोडलेलाच असतो. उमेदवाराच्या पहिल्या वीस शस्त्रक्रियांचे चित्रण नाव झाकून दुसऱ्या गावच्या दोघा परीक्षकांकडे धाडावे, त्यांचे गुण सरावातील गुणांशेजारी मांडावेत, आणि तिसऱ्या स्तंभात पापुद्रा कोणाचा फाटला व महिन्याने रोग्याला किती दिसू लागले हे लिहावे. असे दहा विभागांनी तीन वर्षे केले, तर कोणता सराव ठेवावा आणि कोणते यंत्र कपाटात बंद करावे हे ठरविण्यास परदेशी निबंधांची वाट पाहावी लागणार नाही.